मिल बंद झाली त्या आठवड्यातली चार बाळं

मुलाखतीला गेले तेव्हा माझ्याजवळ प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नऊ कागद क्रमवार लावलेले होते. सरांनी त्यातला एकही पाहिला नाही. ते खिडकीशी उभे राहून एक लहानशी पितळी घंटी कानाजवळ हलवत होते. ती थांबवून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही दिवस भरून जन्मलात का हो?"

मी म्हटलं, "माहीत नाही सर. आईला विचारावं लागेल."

"विचारा. आणि उद्यापासून या."

म्हणजे नोकरी लागली होती. दुसऱ्या दिवशी मी उत्तर घेऊन गेले: दिवस भरून, वर सहा. सरांनी ते खरोखर एका वहीत लिहून घेतलं.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. कॉलेजच्या डीनना विचारला होता, टेलिफोन दुरुस्त करायला आलेल्या माणसाला विचारला होता. एकदा आम्ही इंदूरहून राऊ गावाकडे जाणाऱ्या टेम्पोत पुढे बसलो होतो, तेव्हा ड्रायव्हरला विचारला. तो गिअर टाकत म्हणाला, "पता नहीं भिया, जल्दी में तो मैं आज भी रहता हूँ." सर इतके हसले की भंवरकुआंच्या चौकात उतरायचं राहिलं आणि आम्ही अर्धा मैल उलटे चालत आलो.

सर सरकारी मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवायचे. पण त्यांचा जीव अडकलेला होता तो पलीकडच्या इमारतीत, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात. आईच्या पोटातल्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत बाळाचा मेंदू फार वेगाने वाढतो. त्या वाढीला लागणारी काही प्रथिनं असतात. त्यांच्या जोरावर मेंदूतल्या पेशी जगतात, फांद्या फोडतात, एकमेकींना जाऊन मिळतात. मग जे बाळ सातव्या महिन्यातच बाहेर आलं, त्याच्या वाट्याला ही प्रथिनं किती येतात? कमी येत असतील तर ती तूट पुढे भरून निघते का? वॉर्डातल्या डॉक्टरांसमोर रोजचा प्रश्न असायचा की बाळ आज तगेल का. सरांना त्याच्या पुढचा प्रश्न पडला होता.

पद्धत साधी होती. बाळ जन्मलं की कापलेल्या नाळेतून थोडं रक्त घ्यायचं. बाळाला सुई टोचायची नाही, ही सरांची पहिली अट. रक्त गोठू द्यायचं, वरचं पिवळं पाणी वेगळं काढून डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं, आणि पुरेसे नमुने जमले की एकदाच सगळे तपासायचे. मग दीड-दोन वर्षं त्या मुलांच्या घरी जाऊन ती कशी वाढतात ते बघायचं. कोणतं बाळ, कोणता दिवस, कोणती खोली, फ्रीझरच्या कोणत्या कप्प्यात कोणती नळी, हे सगळं सांभाळायला त्यांना कोणीतरी हवं होतं. यादी करणं ही माझी लहानपणापासूनची सवय; माहेरी लग्नकार्य निघालं की काकू आधी मला बोलवायच्या. सर मला "यादीवाल्या बाई" म्हणू लागले. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि बाई म्हणवून घ्यायला माझी अजिबात तयारी नव्हती.

सरांच्या नावावर या विषयातला एकही छापील लेख नाही. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचे जुने विद्यार्थी कधी भेटले की त्यांच्या विक्षिप्तपणाचे किस्से सांगतात, आणि मग एखादा हळूच विचारतो, "पण मॅडम, त्या कामाचं शेवटी झालं काय?" काय झालं ते मला माहीत आहे, कारण त्यात माझाही हात होता.

आधी किस्से. इंदूरमध्ये शेव न घालता पोहे खाणारा माणूस मी पाहिला तो एकच. ठेलेवाला दुखावला जायचा. कारण विचारलं तर सर म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आज मी वर भुरभुरायचा जिरावण मसाला बदललाय. शेव पण घातली तर चव कशाने बदलली ते कसं कळणार?" हे त्यांनी इतकं गंभीरपणे सांगितलं की ठेलेवाल्याने पुढच्या वेळी त्यांना शेव वेगळ्या कागदावर दिली.

उन्हाळ्यात दुपारी वीज जायची. फ्रीझर पेटीसारखा, वर झाकण उघडणारा होता, आणि जनरेटरमध्ये डिझेल असेलच असं नव्हतं. वीज नसताना कोणी चुकूनही झाकण उघडू नये म्हणून सर त्यावर आपली घरची रजई पसरून मांडी घालून बसत. एकदा त्याच दुपारी दुसऱ्या वर्षाच्या मुलांची तोंडी परीक्षा होती. सरांनी ती फ्रीझरवरूनच घेतली. बाहेरगावहून आलेले परीक्षक शेजारी स्टुलावर बसले होते. ते थोड्या वेळाने मला हळूच म्हणाले, "हे नेहमी असेच बसतात का?" मी म्हटलं, "नाही. वीज असली की खाली बसतात."

वॉर्डातल्या प्रत्येक बाळाला ते दोन वाढदिवस देत. एक जन्मलं तो दिवस, दुसरा जन्मायला हवं होतं तो. या दुसऱ्या दिवशी ते त्या घरी पेढे घेऊन हजर. आया आधी बुचकळ्यात पडायच्या. "अहो साहेब, हा तर दोन महिन्यांचा झाला की." सर म्हणायचे, "तुमच्या हिशेबाने. त्याच्या मेंदूच्या हिशेबाने हा आज आलाय." आणि मग दोन महिन्यांच्या त्या बाळापुढे हात जोडून, "या साहेब, वेळेवर आलात."

घरी जायचं तर खांद्याला खाकी पिशवी. त्यात लाल लोकरीचा गुंडा, ती पितळी घंटी आणि मनुकांचा डबा. गुंडा डोळ्यांपुढून फिरवला की बाळ मान वळवतं का, घंटी मागून वाजवली की आवाजाकडे बघतं का, मनुका पुढे ठेवली की ती सगळ्या मुठीने ओढतं की दोन बोटांनी उचलतं. सर जमिनीवर पालथे झोपून बघायचे, नाक मनुकेपासून वीतभर अंतरावर. एका पठ्ठ्याने मनुका उचलून सरांच्याच तोंडात घातली. सरांनी ती खाल्ली आणि मला म्हणाले, "लिहा: उत्तम." कोणत्या रकान्यात लिहायचं ते सांगितलं नाही.

त्यांचा एक नियम मात्र अगदी पक्का होता. तपासणीत आलेला आकडा आईबापांना कधी सांगायचा नाही. "आकडा म्हणजे बाळ नव्हे," ते म्हणत. "एकदा आकडा सांगितला की माणसं बाळाकडे बघायची थांबतात."

हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

ज्या आठवड्यात शहरातल्या कापड मिलच्या फाटकावर ती बंद झाल्याची नोटीस लागली, त्या आठवड्यात शहर तीन दिवस बंद होतं. कामगार रस्त्यावर बसले होते, टेम्पो नव्हते, ट्रक बायपासलाच अडकले होते. मी राजवाड्यापासून चालत हॉस्पिटलला जात होते. वॉर्डात त्या आठवड्यात आमच्या यादीत बसणारी चार बाळं जन्मली. चौघांचेही वडील त्याच मिलचे. आमच्याकडे त्या भागातल्याच बाया यायच्या, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं. एवढा गोंधळ असूनही आमचं काम एक दिवससुद्धा थांबलं नाही, याचा मला मनातून अभिमान होता.

त्या चारांतली एक गुड्डी. ती काचेच्या पेटीत असताना तिचे वडील कैलास बाहेरच्या बाकावर बसून असत. त्यांचे आजोबा बुऱ्हाणपूरकडून मिलमध्ये आले होते, तिसरी पिढी. सर प्रत्येक बापाला काम विचारायचे, तसं त्यांनाही विचारलं.

"साइजिंग खातं, सरजी. तान्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला खळ लावायची."

"ती कशाला लावतात?"

आपली थट्टा चाललीय का, हे कैलासनी आधी नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "कशाला म्हणजे? खळ नाही लागली तर मागावर सूत तुटतं ना. एकदा कपडा धुतला की ती निघून जाते, दिसत पण नाही. पण ती नसती तर कपडा बनलाच नसता."

सर त्यांच्या शेजारी बाकावर बसले. "अहो, मग तुम्हाला माझं काम सांगायला एक मिनिट पुरे." आणि त्यांनी मेंदूच्या धाग्यांबद्दल आणि त्या प्रथिनांबद्दल सांगितलं. कैलास पेटीकडे बघत ऐकत होते.

"मतलब," ते म्हणाले, "जे पोर वेळेच्या आधीच मागावर चढलं, त्याला खळ कमी लागली असेल का?"

सर माझ्याकडे वळले. "लिहून घ्या बाई. अख्ख्या कॉलेजात हा प्रश्न मला कोणी विचारला नाही."

चार-पाच महिन्यांनी तपासणीचं किट आलं. पूर्वी अशी वस्तू परदेशातून आणायची तर परवान्यांच्या अर्जांत वर्ष जायचं. आता दिल्लीच्या एजंटाला फॅक्स केला आणि थर्मोकोलचं खोकं बर्फासकट विमानाने आलं. तिकडे मिलचा भोंगा बंद होऊन पाच महिने झाले होते. खोकं उघडताना सर लहान मुलासारखे आजूबाजूला नाचत होते आणि मी त्यांना हात धुऊन यायला सांगत होते.

किटमध्ये प्लास्टिकची एक पाटी असते, तिच्यात ओळीने छोटे छोटे खळगे. प्रत्येक खळग्यात एका बाळाचा नमुना. शेवटी रंग चढतो. प्रथिन जास्त तर पिवळा गडद, कमी तर फिका. आम्ही दोघं पाटीवर वाकलो होतो. फिके, गडद, मधले असे सगळे पिवळे उमटले, आणि एका ओळीत लागोपाठ चार खळगे जवळजवळ पाण्यासारखे राहिले.

"हे कोण?"

मी यादी काढली. चारही त्या आठवड्यातली. मिल बंद झाली त्या आठवड्यातली.

सरांनी चारही नंबर पाटीशी पुन्हा ताडून पाहिले. मग म्हणाले, "आया जेवल्या नसतील. झोपल्या नसतील. बाई, मिलच्या फाटकावर लागलेली नोटीस बाळाच्या रक्तापर्यंत पोचलीय." मलाही ते तेव्हा लगेच पटलं होतं, हे कबूल करते.

त्या चारांतलं एक बाळ दुसऱ्याच आठवड्यात गेलं होतं. दोन कुटुंबं मिल बंद झाल्यावर निघून गेली, एक सुरतेला, एक गावी. चाळीतल्या खोल्यांना कुलूप. माझ्या यादीतले पत्ते बिनकामाचे झाले. उरली एकटी गुड्डी.

आणि आम्ही तिच्याकडे गेलो तर कैलास सामान बांधायच्या बेतात. "मामेभाऊ सुरतेत आहे सरजी, लूमवर जागा धरून ठेवलीय. पुढच्या सोमवारी निघतोय."

सरांच्या हातात घंटी होती. ती त्यांनी पिशवीत टाकली. "इतक्यात जाऊ नका," ते म्हणाले. "पोरीचा आकडा फार कमी आलाय. मला तिला दर पंधरा दिवसांनी बघू द्या. काही दिसलं तर लवकर दिसेल."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. कैलास आधी बायकोकडे बघत राहिले, मग खाली. "एवढा कमी?" "फार कमी," सर म्हणाले.

कैलास सुरतेला गेले नाहीत. राऊच्या रस्त्याला नव्या कॉलन्यांची कामं निघाली होती, तिथे चौकीदार लागले. गणवेश त्यांना दोन मापांनी मोठा होता. म्हणायचे, "मिलमध्ये सूत सांभाळलं, आता रेती सांभाळतो." आणि गुड्डीच्या आईने त्या दिवसापासून मुलीला खाली ठेवणं सोडलं. आम्ही तपासायला जाऊ तेवढ्यापुरती गोधडीवर, आईच्या पुढ्यात, एरवी कमरेवर. भाजी चिरताना, पाणी भरताना, शेजारणीशी बोलताना, मुलगी कमरेवर.

नऊ महिने आम्ही दर पंधरवड्याला गेलो. गुड्डीने मान वेळेवर धरली, घंटीकडे वेळेवर बघितलं, मनुका दोन बोटांनी उचलली. दुसऱ्या वाढदिवसाच्या हिशेबाने तिचं सगळं चोख होतं. सर मात्र गल्लीतून परतताना दर वेळी म्हणायचे, "अजून दिसत नाहीये." समोर हसत बसलेल्या मुलीत ते काहीतरी न दिसणारं शोधत होते. आकडा सांगितला की माणसं बाळाकडे बघायची थांबतात, ते त्यांच्याच बाबतीत झालं होतं, आणि ते त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती.

मग त्यांना एका मोठ्या परिषदेचं बोलावणं आलं. त्यांचा विषय ठरलेला होता: ती चार बाळं. कॉलेजात पहिल्यांदाच लोक त्यांना थांबवून विचारू लागले. मी परिषदेसाठी सगळ्या यादीची स्वच्छ प्रत करायला बसले.

यादीच्या शेवटी "शेरा" म्हणून एक रकाना होता. तो कोणी वाचत नसे, मी भरत असे. त्या आठवड्यातल्या चार ओळींपुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "साधे बल्ब संपले. पर्पलवाले घेतले."

रक्त घ्यायच्या छोट्या काचेच्या बाटल्यांना आमच्याकडे बल्ब म्हणतात. साधा बल्ब रिकामा असतो, त्यात रक्त गोठतं. जांभळ्या बुचाच्या बल्बमध्ये रक्त गोठू न देणारं औषध असतं. सरांच्या सूचनेत साधा बल्ब लिहिलेला होता. पण बंदमुळे पुरवठ्याची गाडी आली नव्हती, स्टोअरमध्ये जांभळे होते, आणि काम थांबू द्यायचं नव्हतं. पिवळं पाणी तर त्यातही वर येतं, दिसायला तेच. मी नळीवर लेबल लावलं, कप्प्यात ठेवलं, शेरा लिहिला.

मिल बंद झाली म्हणून शहर बंद झालं, शहर बंद झालं म्हणून बल्ब आले नाहीत. त्या आठवड्यातली चार बाळं वेगळी नव्हती. त्या आठवड्यातली बाटली वेगळी होती.

मी तो कागद उलटा ठेवला आणि दुसऱ्यावर यादी केली. न सांगण्याची कारणं सात निघाली. त्यात माझी नोकरी होती, सरांची परिषद होती, आणि बल्बने कदाचित काही फरक पडतही नसेल, हेही होतं. सांगण्याचं कारण एकच निघालं: गुड्डीची आई. मी डबा न खाताच सरांच्या खोलीत गेले.

सरांनी शेरा वाचला. चष्मा काढून परत वाचला. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

"घ्या. अर्धं साध्यात, अर्धं जांभळ्यात."

"सर?"

"पाटीची एक पट्टी शिल्लक आहे ना फ्रीजमध्ये? अंदाज घरी करायचा. इथे मोजायचं."

संध्याकाळच्या आत झालं. त्यांच्याच रक्ताचे दोन खळगे. साध्या बल्बमधला गडद पिवळा, जांभळ्यामधला जवळजवळ पाणी. एकाच माणसाचं, एकाच हाताचं, एकाच वेळचं रक्त.

आणि मी शपथेवर सांगते, सरांचा चेहरा उजळला. "अहो, काय सुंदर आहे हे! म्हणजे हे प्रथिन रक्तातल्या बारीक चकत्यांच्या, प्लेटलेट्सच्या, पोटात साठलेलं असतं. रक्त गोठलं की त्या फुटतात आणि ते बाहेर येतं. गोठलंच नाही तर आतच राहतं. साधा बल्ब का, ते मला आजवर माहीतच नव्हतं हो! किटच्या कागदावर लिहिलं होतं म्हणून मी तुम्हाला सांगितलं." ते पाटी उजेडाकडे धरून फिरवत होते. आपलं सगळं काम कोसळताना एवढं खूश झालेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

मग पाटी फिरवणारा हात थांबला.

"गुड्डी," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

परिषदेला त्यांनी दोन ओळींचं पत्र पाठवलं, मीच टाइप केलं. मला मिलचा परिणाम मोजायचा होता, पण मी बाटल्या मोजल्या. सबब बोलण्यासारखं काही नाही. डीनसाहेबांनी बोलावून सांगितलं की ते चार नमुने गुपचूप वगळा आणि बाकीच्यांवर बोला. सर म्हणाले, "बाकीच्यांत असं काय काय आहे, ते मला कुठे माहीत आहे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चाळीत गेलो. कैलास पहिली पाळी करून आले होते, गणवेश अजून अंगावर होता. आई चुलीपाशी, गुड्डी तिच्या कमरेवर. चहा टाकते म्हणाली, तर सर म्हणाले, "आधी ऐका. मग द्यावासा वाटला तर द्या."

"गुड्डीचा आकडा चुकीचा होता," ते उभ्यानेच म्हणाले. "चूक आमच्याकडे झाली."

"बाटली मी बदलली होती," मी म्हटलं.

"आणि आकडा सांगायचा नसतो. तो मी सांगितला."

कैलास हळूहळू खाटेवर बसले. "मतलब आकडा ठीक आहे?"

"आकडाच नाही. तिचा खरा आकडा किती होता, ते आता कधी कळणार नाही."

"आणि पोरगी?"

"पोरगी जशी दिसते तशी आहे."

"जशी दिसते तशी." कैलासनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सुरतेची जागा गेली सरजी. भावाने दोन महिने थांबून दुसरा माणूस घेतला. मी इकडे रेतीवर शिट्ट्या वाजवत बसलो." पुढे म्हणाले, "मिलमध्ये कधी अख्खा बीम, सुताचा रूळ, खराब निघायचा. शिव्या आम्ही खायचो, खळ पातळ लावली म्हणून. एकदा निघालं काय, तर खळ तोलायचा काटाच खोटा होता. पण ते सूत होतं हो. फेकून दिलं."

सर जमिनीकडे बघत पिशवीचा पट्टा सरळ करू लागले.

"माझ्याकडे बघून बोला," गुड्डीची आई म्हणाली. इतक्या महिन्यांत ती आमच्याशी हो-नाहीपलीकडे बोललेली नव्हती. "नऊ महिने मी हिला खाली ठेवलं नाही. शेजारणी हसायच्या, म्हणायच्या, महाराणी आहे का. हिला ताप आला की मला वाटायचं, आला तो आकडा. ठसका लागला तर, झोपेत दचकली तर. एक दिवस असा नाही की मी हिच्याकडे बघून घाबरले नाही."

"वहिनी," मी म्हटलं, "माझ्यामुळे…"

"ताई, रडू नका. लिहून द्या."

"काय लिहू?" सरांनी विचारलं.

"आता बोललात ते. आकडा तोंडाने सांगितलात, परत पण तोंडानेच घेऊन चाललात. माझ्या हातात काय राहिलं?"

सरांनी आजवर कोणत्याही बाळाला कसलाच दाखला दिला नव्हता. आयांनी कितीदा मागितला होता, "चांगलं आहे एवढं लिहा साहेब," तरी नाही. त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. मी लिहू लागले तर म्हणाले, "नको. माझ्या अक्षरात पाहिजे." खाली बसून, खाटेच्या कडेवर कागद ठेवून त्यांनी लिहिलं. मध्ये एकदा थांबले, एक शब्द खोडला. मग मी सही केली, त्यांनी केली.

गुड्डीच्या आईला वाचता येत नव्हतं. कैलासनी उजेडाकडे धरून वाचलं. "गुड्डीच्या रक्ताची तपासणी आमच्या चुकीने बिघडली. तो आकडा खोटा आहे. आम्ही या मुलीला नऊ महिने बघत आलो. तिच्यात काही कमी आहे असं आम्हाला एकदाही दिसलं नाही. आईने घाबरण्याचं कारण नव्हतं."

"परत वाचा," ती म्हणाली.

त्यांनी परत वाचलं. तिने कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि देवाच्या फळीवर डब्याखाली ठेवला. मग वाकली आणि मुलीला जमिनीवर ठेवलं. गोधडीवर नाही, नुसत्या फरशीवर.

गुड्डी क्षणभर आईच्याच पायांना धरून राहिली. मग हात टेकून रांगत निघाली, खाटेखालून, सरांच्या गुडघ्यांना वळसा घालून थेट दाराकडे. उंबऱ्यापाशी थांबली, पोटावर घसरत पलीकडे उतरली. बाहेर गल्लीत नळ होता आणि त्याच्याखाली चिखल.

सर अर्धे उठले होते, हात पुढे करून.

"बसा डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "जाऊ द्या तिला."

सर बसले. बाहेरून पाण्यात हात आपटल्याचा आवाज येऊ लागला, थांबला, पुन्हा आला. आम्ही चौघं तो ऐकत राहिलो. कोणीही बघायला उठलं नाही. थोड्या वेळाने गुड्डीच्या आईने चुलीवर चहाचं आधण ठेवलं.